आम्ही घरी स्टिकर करतो त्याबद्दल

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा आम्ही दोघी, मी आणि माझी पार्टनर, पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका लॅपटॉपसमोर बसलो होतो, मी ऑफिसची मीटिंग म्यूटवर टाकलेली आणि तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतलेली. पाच न्यायाधीश, चार निकालपत्रं, पहिलं वाचन चालू असताना मधे मधे वाटत होतं की होतंय काहीतरी, आणि मग हळूहळू कळत गेलं की नाही होत. लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत, आणि नुसत्या नात्याला तरी कायद्यानं मान्यता द्यायची का यावर तीन विरुद्ध दोन, त्यातले तीन आपल्या विरुद्ध. तिनं लॅपटॉप मिटला आणि कुकर लावायला उठली. आम्ही दोघीही रडलो नाही. बोललो पण नाही फार.

संध्याकाळी ती डब्यांना लेबलं लावत बसली. तिच्या आईनं गोडा मसाला, धनेपूड, मेतकूट असं काय काय पाठवलेलं होतं आणि ती असल्या बाबतीत फार व्यवस्थित आहे, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो पांढऱ्या लेबलांचा कागद घरात कायम असतो. डबे संपले, लेबलं उरली. तिनं एका उरलेल्या लेबलावर स्केचपेननं "आम्ही आहोत" लिहिलं आणि माझ्या हेल्मेटला मागून चिकटवलं. काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते हेल्मेट घालून कर्वे रोडवरून ऑफिसला गेले तेव्हा प्रत्येक सिग्नलला मला जाणवत होतं की मागच्या माणसाला ते दिसतंय. त्याला काही कळणार नव्हतं हे मला माहीत होतं, कोण आम्ही, कुठे आहोत, तरी माझी मान ताठ झाली होती. आमच्या घरमालकीण काकूंना आम्ही मावसबहिणी म्हणून माहीत आहोत, ऑफिसात मी सिंगल आहे, माझ्या गावी मी "अजून स्थळं बघतोय" आहे. त्या सगळ्यात ते दोन इंचाचं लेबल एवढीच एक खरी गोष्ट मी बाहेर घेऊन फिरत होते.

त्या आठवड्यात आम्ही उरलेली सगळी लेबलं संपवली, तीस-पस्तीस असतील. रात्री जेवून चालायला जायचो आणि जाता जाता बसस्टॉपच्या खांबाला, बंद दुकानाच्या शटरला, एका डीपीच्या बॉक्सला असं चिकटवत यायचो. हे चूक होतं, ते पुढे सांगते. पण तेव्हा वाटलं होतं की आपण बोललो.

मी मूळची कराडची. आमच्या अण्णांचं बाइंडिंगचं दुकान आहे, बिलबुकं, शाळेची रजिस्टरं, जुन्या पोथ्यांची बांधणी, सीझनला लग्नपत्रिका. माझं सगळं लहानपण खळीच्या वासात गेलं. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत बसायचं, गुठळी झाली की अण्णा ओरडायचे, आणि शेवटी त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे कसर लागत नाही, आणि ते टाकलं की हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही. २०११ च्या डिसेंबरात पुण्यात पहिला प्राइड मार्च, म्हणजे आमच्यासारख्यांचा मोर्चा, निघाला तेव्हा मी अकरावीत होते. कराड ते पुणे १६० किलोमीटर, सकाळच्या एसटीनं निघालं की दुपारच्या आत पोचतं माणूस, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मला माझ्या वर्गातली एक मुलगी आवडायची आणि मला खरंच वाटायचं की हा मलाच काहीतरी आजार झालाय, जगात दुसऱ्या कुणाला नसावा. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून आमच्यासारख्यांसाठी काम करत होता, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, अशोक राव कवींनी बॉम्बे दोस्त हे समलिंगी लोकांचं नियतकालिक १९९० मध्ये सुरू केलेलं, म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून माणसं हे सगळं करत होती, आणि त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत आलं नाही. मी रोज एसटी स्टँडवरून जायचे. स्टँडवर मूळव्याध, केसगळती, क्लास, लॉज सगळ्याचे स्टिकर होते. मी ते सगळे वाचायचे, वाचायची सवयच होती मला भिंती. माझ्यासाठी तिथे काही नव्हतं.

म्हणून मला जेव्हा कुणी विचारतं की इन्स्टाच्या जमान्यात स्टिकर कशाला, तेव्हा मी हेच सांगते. इन्स्टावर जो शोधतो त्याला सापडतं. मला शोधायला शब्दच नव्हता, मी काय टाइप केलं असतं? आणि फोन तरी कुठे होता माझा एकटीचा, घरात एकच होता आणि तो अण्णांच्या खिशात. भिंतीवरचं वाचायला शोधावं लागत नाही आणि वाचलं याची हिस्ट्री कुठे राहत नाही.

पहिल्या लेबलांनंतर मी थोडं वाचायला लागले की लोकांनी हे आधी कसं केलंय. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली एड्सनं माणसं मरत होती आणि सरकार गप्प होतं तेव्हा सहा जणांनी मिळून एक पोस्टर केलं, काळी पाटी, त्यावर गुलाबी त्रिकोण, खाली "मौन = मृत्यू" अशा अर्थाचे दोनच शब्द. तो त्रिकोण नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यावर शिवत असत तोच, फक्त यांनी तो टोक वर करून घेतला. ते पोस्टर मॅनहॅटनच्या भिंतींवर लागलं ते खळीनं. साधी पिठाची खळ. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसले, कारण आमच्या दुकानातल्या त्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याचा आणि या गोष्टीचा काही संबंध असेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. पुढे एड्ससाठी लढणारी अॅक्ट अप आणि समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी १९९० मध्ये निघालेली क्वीअर नेशन, या दोन्ही गटांनी स्टिकर भरपूर वापरले, पाठीमागच्या कागदाला चीर असलेले, म्हणजे वाकवलं की कागद फाटतो आणि एका हातानं सोलून चिकटवता येतं. खिशात गड्डी ठेवायची आणि चालता चालता लावायचे.

आमच्याकडे तेव्हा एवढं काही नव्हतं. दुसरी खेप आम्ही घरच्या प्रिंटरवर काढली. अप्पा बळवंत चौकातून ए फोर साइजचा स्टिकर पेपर आणला, त्याला तिथे गमिंग शीट म्हणतात, मॅट आणि ग्लॉसी दोन्ही मिळतात. ग्लॉसी छान दिसतो म्हणून तो घेतला आणि घरचा प्रिंटर इंकजेट, शाई वर बसेचना, हात लावला की पसरायची. मग मॅट घेतला. तो वाळला नीट पण पाण्याचा एक थेंब पडला की सगळे रंग एकमेकांत. पुण्यात पाण्याची बाटली, हेल्मेट, गाडी या तीन ठिकाणी लोक स्टिकर लावतात आणि तिन्ही भिजतात, म्हणजे इंकजेट उपयोगाचा नाही हे आम्हाला दीडशे स्टिकर वाया घालवून कळलं. वरून पारदर्शक सेलोटेप लावून बघितली, चालते, पण कडेनं पाणी शिरतंच. कुणाला करायचं असेल तर सरळ लेझरचा प्रिंट काढा, टोनर पाण्यानं जात नाही.

रंगांचं म्हणाल तर मी इंद्रधनुष्याची सहा पट्ट्यांची झालर खाली टाकली होती. शेजारची पोरगी, चौथीत आहे, आमच्याकडे गणिताला येते, तिनं ते बघितलं आणि बोटानं मोजलं आणि म्हणाली, मावशी पारवा राहिला. मला आधी कळेना. मग ती म्हणून दाखवायला लागली, ता ना पि हि नि पा जा. तांबडा नारिंगी पिवळा हिरवा निळा पारवा जांभळा. खरंच की, आपल्या शाळेतल्या इंद्रधनुष्यात सात आहेत आणि झेंड्यात सहा. मी तिला सांगितलं की हा एक झेंडा आहे, सॅन फ्रान्सिस्को नावाच्या गावात गिल्बर्ट बेकर म्हणून एका माणसानं आणि त्याच्या मित्रमैत्रिणींनी १९७८ मध्ये कापड हातानं रंगवून शिवला, तेव्हा आठ रंग होते, मग गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो गेला, मग दिव्यांच्या खांबांवर दोन बाजूंना सारखे रंग लावता यावेत म्हणून आणखी एक काढला, उरले सहा. कशाचा झेंडा आहे असं तिनं विचारलं. मी म्हणलं ज्यांना लपून राहावं लागतं त्यांचा. तिनं मान डोलावली आणि म्हणाली मग पारवा घाला ना, त्याला कशाला काढलं. पुढच्या खेपेपासून आमच्या स्टिकरवर सात पट्ट्या आहेत. कुणी विचारलं तर सांगतो की हा मराठी शाळेतला आहे.

आता मजकुराचं. यात आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले आणि मला वाटतं जायलाच हवे होते. पहिल्यांदा आम्ही इंग्रजीच घोषणा घेतल्या, प्राइडमध्ये असतात त्या. चांगल्या दिसतात, पण ज्याला त्या कळतात त्याला आमच्या स्टिकरची फारशी गरज नाही. मला कराडच्या स्टँडवरच्या पोरीशी बोलायचं होतं. मग मराठीत लिहायला घेतलं, "तू एकटी नाहीस". लिहिल्या लिहिल्या लक्षात आलं की हे फक्त मुलींना झालं. "तू एकटा नाहीस" म्हणलं तर फक्त मुलग्यांना. आणि आमची एक मैत्रीण आहे, ट्रान्स आहे, तिला आयुष्यभर लोकांनी एकटा म्हणून हाक मारली, तिच्या हातात मी "एकटा" लिहिलेला कागद कसा देऊ? एकटा/एकटी करून मधे तिरकी रेघ मारली तर ते सरकारी फॉर्मसारखं दिसायला लागलं, अर्जदाराचे/अर्जदाराची. आणि ज्याला यातलं एकही नको आहे त्याचं काय? मराठीत तोंड उघडलं की बाई का बाप्या हे आधी ठरवावं लागतं, आलो का आले, बसला का बसली, आपल्याला लहानपणापासून सवय आहे म्हणून जाणवत नाही, पण दोन इंचाच्या कागदावर चार शब्द लिहायचे तर जाणवतं.

मग कुणीतरी म्हणलं "आपण पुष्कळ आहोत". बरं होतं पण थोडं निवडणुकीसारखं वाटलं. मग एका रात्री तिला, माझ्या पार्टनरला, आठवलं की तिची आजी दारात कुणी आलं की आतून विचारायची, कोण आहे, आपलंच माणूस आहे का? माणूस! आपलं माणूस. बाई असो बाप्या असो, जो असेल जे असेल, आपलं माणूस. मराठीनं हे आधीच करून ठेवलंय आणि आम्ही महिनाभर इंग्रजीत उत्तर शोधत होतो. मी लगेच लिहिलं "इथून आपलं माणूस गेलं". मला म्हणायचं होतं की या रस्त्यानं तुझ्यासारखं कुणीतरी चालत गेलंय. तिनं वाचलं आणि म्हणाली हे दहाव्याच्या पत्रिकेवरचं वाक्य आहे. गेलं म्हणजे वारलं. आणि आपल्यातली किती जणं खरंच गेलेली आहेत, घरच्यांच्या मारानं, स्वतःच्या हातानं, तर ते वाक्य मला पुन्हा वाचवेना. शेवटी "इथे आपलं माणूस आहे" एवढंच राहिलं. खाली सात पट्ट्या, आणि त्याखाली बारीक अक्षरात १४४१६, टेलिमानसचा नंबर, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फुकट हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतून बोलता येतं. आमचा स्वतःचा नंबर टाकायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मनात होतं टाकावा, पण दोन बायका राहतात त्या घरचा नंबर भिंतीवर लावायचा म्हणजे काय होऊ शकतं हे सांगायला नको.

ट्रान्स मैत्रीण म्हणाली की माणूस ठीक आहे पण माझा वेगळा एक कर, त्यावर "आधी नाव विचारा" असं लिही. तिला दिवसभरात शंभर जण काय काय विचारतात, ऑपरेशन झालं का, घरी माहितीये का, रात्री किती घेतेस, आणि नाव कुणी विचारत नाही. तो स्टिकर आम्ही फिका निळा, गुलाबी, पांढरा असा केला, मोनिका हेल्म्स या ट्रान्स बाईनं १९९९ मध्ये केलेल्या झेंड्याचे रंग. आजही आमचा सगळ्यात जास्त मागितला जाणारा स्टिकर तोच आहे, आणि मागणाऱ्यांत अर्धे तर आपल्यातले नसतातच, सोसायटीत काम करणाऱ्या मावशी मागतात, डिलिव्हरीची मुलं मागतात. त्यांनाही कुणी नाव विचारत नाही.

छपाईला बाहेर गेलो तेव्हा पहिल्या दुकानात त्यांनी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, वाचली, पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि मशीन बंद आहे म्हणाले. मशीन चालू होतं, शेजारी कुणाचा तरी वाढदिवसाचा फ्लेक्स डिझाइन होत होता. मी बाहेर येऊन गाडीवर बसले आणि पाच मिनिटं किल्ली लागेना मला. दुसरं दुकान पेठेतलं, गल्लीत आत, एक वयस्कर काका एकटेच. त्यांनी पण वाचलं. मग चष्मा वर करून म्हणाले, आपलंवर अनुस्वार दिलाय ना मग माणूसमधला ऊ दीर्घ आहे का नीट बघितलं का, स्टिकरवर चूक गेली की परत घेता येत नाही. होता दीर्घ. बरं म्हणाले, किती काढायचे. कशासाठी आहे वगैरे काही नाही. तिसऱ्या चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःहून सांगितलं की पोरी तू युनिकोडमध्ये टाइप करून आणतेस आणि माझं कोरलचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्यात जोडाक्षरं फुटतात, तू घरूनच अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रंच करून, पीडीएफ आण. तेव्हापासून तसंच नेते.

तिथलं गणित असं की डिजिटल मशीनवर बारा बाय अठराचा कागद लागतो, त्यात दोन इंचाचे चाळीस बसतात, मधे कापायला जागा सोडून. प्रिंट फार महाग नाही. महाग पडतं ते हाफ कट, म्हणजे वरचा स्टिकरच फक्त कापायचा आणि खालचा कागद अखंड ठेवायचा, त्याला वेगळं मशीन आहे. पैसे वाचवायला आम्ही कात्रीनं कापायचो, टीव्ही लावून, चार जणी असलो तर गप्पा मारत. विनाइलवर केले तर उन्हापावसात दोन-तीन वर्षं टिकतात म्हणतात, कागदाचे सहा महिन्यांत पांढरे पडतात, त्यात तांबडा सगळ्यात आधी उडतो.

आता ती चूक सांगते. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात मी सकाळी लवकर निघाले होते आणि बसस्टॉपवर एक ताई, महापालिकेच्या सफाईच्या, हातात पत्र्याचा तुकडा घेऊन खांब खरवडत होत्या. आमचा स्टिकर. कागदाचा वरचा थर निघाला होता आणि गोंद तसाच चिकटून, त्या नखानं काढत होत्या. मी थांबले. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, कोण चिकटवतं काय माहिती बाई, लावणारा लावून जातो, साहेब मला विचारतो. मला त्यांना सांगायचं होतं की मी लावलाय, आणि का लावलाय, आणि मला काहीच सांगता आलं नाही. मी माझ्या पर्समधली नेलफाइल काढली आणि त्यांच्याबरोबर दहा मिनिटं खरवडत बसले, त्या नको नको म्हणत होत्या. निघाल्यावर त्यांनी हात झाडले आणि विचारलं, काय लिहिलं होतं त्याच्यावर? मी सांगितलं, इथे आपलं माणूस आहे. त्या म्हणाल्या, चांगलं आहे की मग, पण खांबाला कशाला?

महाराष्ट्रात सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय असं चिकटवणं गुन्हा आहे, ते मला आधीपासून माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्याचं मला विशेष काही वाटत नव्हतं, आम्हाला गुन्हेगार ठरवणारं ३७७ कलम पण कायदाच होतं की ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत. पण त्या ताईंच्या नखातला गोंद मी विसरू शकत नाही. आपली लढाई आणि तिची किंमत सकाळी साडेसहाला दुसरी बाई भरते, हे मला चालणार नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही परवानगीशिवाय कुठेही लावत नाही. सगळ्यांना हे पटलं नाही. आमच्या स्टिकर करणाऱ्या ग्रुपमधल्या एकीचं म्हणणं होतं की परवानगी मागायची सवय लागली की आवाज जातो, न्यूयॉर्कवाल्यांनी कुणाला विचारलं होतं का. तिचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही, तिथे माणसं मरत होती. आमचं बराच वेळ भांडण झालं आणि ती आता तिचे वेगळे करते.

परवानगी मागणं मात्र खांबाला चिकटवण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं. खांबाला आपण कोण आहोत हे सांगावं लागत नाही. चहाच्या टपरीवर, पार्लरमध्ये, अभ्यासिकेत, रोपवाटिकेत जाऊन काउंटरवरच्या माणसाला सांगायचं की हा स्टिकर तुमच्याकडे लावाल का, तो विचारणार कशाचा आहे, आणि मग तोंडानं म्हणायचं, समलिंगी, ट्रान्स, अशा लोकांसाठी आहे. पहिल्या दहा ठिकाणी माझा आवाज बाहेर पडत नव्हता. आठ जणांनी नाही म्हणलं, त्यातल्या दोघांनी वाईट बोलून. नववा चहावाला म्हणाला लावा की, माझा मेव्हणा तसाच आहे, नगरला असतो. एवढं बोलून तो दूध ओतायला लागला. मी ज्यांना घाबरत होते त्यांच्या घरात आपलं माणूस आधीच होतं, फक्त त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तर मी घाबरतच गेले, कारण दवाखान्यात आम्हाला "लग्न झालंय का" हा प्रश्न "संबंध आहेत का" या अर्थानं विचारतात आणि त्याला आमच्याकडे खरं उत्तरच नसतं. त्यांनी तीन स्टिकर घेतले, एक टेबलावर काचेखाली ठेवला, पेशंटच्या बाजूला तोंड करून. दोन महिन्यांनी फोन आला, अजून द्या, काचेखालचा कुणीतरी काढून नेला. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना आनंद झाला होता.

आणि मुलींचं एक होस्टेल. तिथल्या रेक्टर बाईंनी खूप विचार करून नोटीस बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात लावायला दिला, मेसच्या मेनूच्या शेजारी. तीन आठवड्यांनी मी दुसऱ्या कामानं तिथे गेले होते. "इथे आपलं माणूस आहे" याच्या खाली पेन्सिलनं अगदी बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, "कोण?"

मी तिथे उभी राहिले. आजूबाजूला पोरी ताटं घेऊन जात होत्या. माझ्याकडे पेन होतं. मी "मी" लिहू शकले असते पण मी तिथे राहत नाही, ते खोटं झालं असतं, तिनं विचारलं होतं ते तिथलं. मी काही न लिहिता परत आले आणि रात्रभर मला वाटत राहिलं की आपण एक मुलगी दारात उभी करून आलो. महिन्याभरानं परत गेले, मुद्दाम. "कोण?" च्या शेजारी निळ्या पेननं, वेगळ्या अक्षरात, "दुसरा मजला". त्याच्या पुढे काही नव्हतं. भेटल्या का नाही मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

२०२४ च्या दिवाळीला कराडला जाताना माझ्या बॅगेत दहा शीट होत्या, चारशे स्टिकर, न कापलेल्या. घरच्यांना मी काही सांगितलेलं नाही, ते वर लिहिलंच. विचार केला होता की रात्री सगळे झोपले की वरच्या खोलीत बसून कात्रीनं कापीन. पाडव्याच्या आदल्या रात्री कापत बसले होते आणि अण्णा पाणी प्यायला उठले. दार लोटलेलं होतं. ते आत आले, माझ्या हातातली कात्री बघितली, कापलेला ढीग बघितला, आणि एक स्टिकर उचलून ट्यूबच्या उजेडात लांब धरून वाचला. त्यांना जवळचं दिसत नाही. मी श्वास धरून बसले होते. त्यांनी वाचला, उलटा करून मागचा कागद बघितला, परत वाचला. मग म्हणाले, "कात्रीनं कापतीस व्हय? कडा बघ की कशा झाल्यात."

सकाळी दुकान बंद होतं सणाचं. अण्णांनी उघडलं. अंघोळ, तेल, उटणं सगळं झाल्यावर, नवा शर्ट घालून, त्यांनी शटर अर्धं वर केलं आणि आम्ही दोघं वाकून आत गेलो. त्यांनी दहाच्या दहा शीट एकावर एक ठोकून सारख्या केल्या, कटिंग मशीनच्या पट्टीला लावल्या, चाक फिरवून दाबल्या आणि पातं ओढलं. आमच्या पाच संध्याकाळी जायच्या ते काम पंधरा मिनिटांत. मग बिलबुकांच्या करतात तशा पन्नास-पन्नासच्या गड्ड्या केल्या, प्रत्येक गड्डीला तपकिरी कागदाची पट्टी गुंडाळली, पट्टीचं टोक खळीच्या बोटानं चिकटवलं आणि वर पेन्सिलनं ५० लिहिलं. आठ गड्ड्या. एक शब्द बोलले नाहीत या सगळ्यात, आणि मी पण नाही. मला सारखं वाटत होतं की आता विचारतील, आपलं म्हणजे कुणाचं. नाही विचारलं.

शटर खाली ओढताना म्हणाले, "हे सोलायला अवघड जाणार लोकांस्नी. पाठीला चीर दिलेला कागद मिळतो, कोल्हापूरला सांगून ठेवतो. अजून लागले की आण."

९ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं लग्नाच्या त्या निकालावरच्या फेरविचार याचिका पण फेटाळल्या. त्या आठवड्यात एसटी पार्सलनं एक खोका आला, अण्णांच्या अक्षरात पत्ता, पत्त्यावर माझं नाव आणि त्याखाली, पहिल्यांदाच, तिचं. आत चिरेचा गमिंग कागद, दोनशे शीट.